घरगुती कारण

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख असे सगळे भरून झाले की तळाशी काही रकाने उरतात : अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण. उत्तर नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत मी एकोणतीस वर्षे शिकवते आहे आणि त्यांपैकी गेली सहा वर्षे मुख्याध्यापिका म्हणून या दाखल्यांवर सह्या करते आहे. प्रगतीच्या रकान्यात बहुतेकांच्या वाट्याला 'समाधानकारक' येते, वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली'. कारणाच्या रकान्यात दहावी उत्तीर्ण, पालकांचे स्थलांतर, वडिलांची बदली असे काहीबाही असते. पण आठवी-नववीतून निघून गेलेल्या मुलींच्या दाखल्यांवर वर्षानुवर्षे दोनच शब्द येत राहिले आहेत, 'घरगुती कारण'. लिपिक ते न विचारता लिहितात, पालक ते न वाचता घेतात, आणि मधे माझी सही असते.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या पहिल्या आठवड्यात कोण परत आले आणि कोण आले नाही, हे पाहणे माझ्या कामाचा सगळ्यात जड भाग असतो. यंदा मी मागच्या वर्षीचे हजेरीपट घेऊन बसले. एखादी मुलगी अचानक शाळा सोडते, असे बाहेरच्याला वाटते. हजेरीपटात तसे दिसत नाही. आधी महिन्यातून तीन-चार दिवस जातात. त्या दिवसांचे कारण प्रत्येक शिक्षिकेला ठाऊक असते आणि शाळेतल्या स्वच्छतागृहात पाणी नसेल तर ते दिवस पाच होतात. मग सोमवार जाऊ लागतात. मग दिवाळीनंतर सलग एक आठवडा, मामाकडे लग्न म्हणून किंवा आई आजारी म्हणून. चाचणी बुडते, पुढच्या धड्याचा मागचा धागा तुटलेला असतो, गणिताच्या तासाला ती शेवटच्या बाकावर जाऊन बसते, आणि मार्च येईपर्यंत तिच्या नावापुढची ओळ गैरहजेरीच्या खुणांनी भरून जाते. मुलगेही शाळा सोडतात, गरिबाघरचे मुलगे तर फार सोडतात. कोणी गॅरेजमध्ये लागतो, कोणी कळमन्याच्या बाजारात हमालीला जातो. पण मुलगा सुटतो तो एका दिवसात सुटतो, कारण त्याला कोणीतरी पैसे देऊ केलेले असतात. मुलगी महिना-महिना झिजत सुटते, कारण तिच्या कामाला पैसे नसतात आणि म्हणून ते काम कधी सुरू झाले, हेही कोणाच्या लक्षात राहत नाही.

गेल्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गात एक्केचाळीस विद्यार्थी होते, त्यांत सव्वीस मुली. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी हा आकडा पाहून मनापासून अभिनंदन केले. त्यांचा हेतू चांगला होता, पण मला त्यांना सांगावे लागले की या सव्वीस मुलींपैकी निम्म्याहून अधिक जणींचे भाऊ आमच्याकडे नाहीत. ते चार चौक पलीकडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत फी भरून शिकतात. आमच्याकडे फी नाही, पुस्तके मिळतात, आठवीपर्यंत खिचडी मिळते, म्हणून मुलगी आमच्याकडे. वस्तीतल्या आईबापांना मी दोष देत नाही. एका पगारात एकाच मुलाची फी निघत असेल तर ती कोणासाठी काढायची, हा निर्णय त्यांच्या घरी कधी चर्चेला येतच नाही, इतका तो आधीपासून झालेला असतो. एकाच चुलीवर जेवणारी दोन भावंडे अशी दोन वेगवेगळ्या शाळांत जातात आणि सरकारी तक्त्यात दोघेही 'दाखल' म्हणून मोजली जातात.

माझे माहेर कामठीचे. आमच्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांत बिड्या वळल्या जात. भिजवलेली तेंदूची पाने मांडीवरच्या सुपात, पानावर लोखंडी फर्मा ठेवून कात्रीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि तोंड दुमडायचे. मजुरी हजारावर मिळे, आणि ठेकेदार हाताने चाळून जितक्या खराब म्हणून बाजूला काढी, तितक्या फुकट जात. अशा कामात हातांची संख्या महत्त्वाची असते. घरातली सहा वर्षांची मुलगी पाने पुसू शकते, आठ वर्षांची दोरा बांधू शकते आणि दहा वर्षांची आईच्या बरोबरीने बसू शकते. माझी ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती चौथीपर्यंत शिकली हे मला माहीत होते, पण ती का थांबली, हे मी कधी विचारले नव्हते. थोरल्या बहिणी थांबतात, असेच आम्ही सगळ्यांकडे पाहिले होते.

त्याच कामठीत बाबू हरदास यांनी १९२७ साली मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे म्हणून त्यांना सगळे ओळखतात. बिडी कामगारांना संघटित करण्याचे कामही त्यांनी केले आणि १९३९ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, ते गेले. त्या रात्रशाळेत एके काळी ८६ मुलगे आणि २२ मुली शिकत होत्या. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्या २२ वर थांबले. दिवसभर पाने कापून आलेल्या त्या मुली कंदिलाच्या उजेडात पाटीवर काय गिरवत असतील, याहून मला एक वेगळाच प्रश्न पडला, की शाळा सुटल्यावर त्यांना घरी कोण पोचवीत असेल. तो प्रश्न मला का पडला, तर आजही आमच्या शाळेतल्या दहावीच्या जादा तासांना संध्याकाळी साडेसहानंतर मुली थांबत नाहीत. वस्तीचा रस्ता अंधाराचा आहे. मुलगे थांबतात, आणि परीक्षेत त्या तासांचा फरक दिसतो.

कामठीचा रस्ता जाईबाई चौधरींचाही. उमरेडला १८९२ साली जन्मलेल्या जाईबाईंचे लग्न नवव्या वर्षी झाले आणि सासरच्या गरिबीमुळे त्या कामठीहून नागपूरपर्यंत डोक्यावर ओझी वाहून नेत. एका मिशनरी बाईंच्या ओळखीने त्यांना महिना चार रुपयांवर मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली, तेव्हा अस्पृश्य बाई शिकवते म्हणून वरच्या जातीच्या पालकांनी मुलांना शाळेत पाठवणे बंद केले आणि नोकरी गेली. पुढे १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. या गोष्टीचा शेवट इथे गोड होत नाही. १९३७ मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली, स्त्रियांच्या उन्नतीसाठी भरलेल्या त्या परिषदेत जाईबाई होत्या, आणि जेवणाच्या वेळी त्यांना वेगळे बसवण्यात आले. स्त्री म्हणून जी अडचण सगळ्यांची सारखी म्हणून मांडली जात होती, ती पंगतीपर्यंत येताना सारखी राहिली नाही. पाचच वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, याच शहरात दलित स्त्रियांची स्वतंत्र परिषद झाली. बाबासाहेबांनी तिथे हजारो बायांसमोर मुलांना शिकवण्याबद्दल तर सांगितलेच, शिवाय मुलामुलींच्या लग्नाची घाई करू नका, असेही सांगितले. शिक्षण आणि लग्नाचे वय या दोन गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या, कारण आमच्या घरांत त्या एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. आमच्या हजेरीपटातल्या उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरच्या मोकळ्या ओळींचा थोडा भाग त्या आकड्यात आहे.

मी मात्र शिकले. दहावीनंतर भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, कामठीहून रोज नागपूरला रेल्वेच्या पासवर येऊन मी पदवी घेतली. तिथे माझी एक मैत्रीण होती, रामदासपेठेत राहणारी, डॉक्टरांची मुलगी. तिच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्या एकटीच्या अभ्यासाचे टेबल आणि त्यावरचा दिवा पाहून मी गप्प झाले होते. बारावीला तिला तिच्या जुळ्या भावापेक्षा अकरा गुण जास्त होते. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली होती, आणि ज्यांच्याकडे पैसे होते त्यांच्यासाठी गुणांची अडचण बरीच सुटली होती. भावासाठी पुण्याच्या अशा एका महाविद्यालयात पैसे भरले गेले. तिला सांगितले गेले की इथेच, घरून जाता येईल असे काहीतरी घे. ती माझ्या वर्गात आली ती अशी. तिचे वडील सुशिक्षित, मायाळू गृहस्थ होते. मला ते नेहमी 'बेटा' म्हणत आणि मी शिकते म्हणून कौतुक करत. मला तेव्हा तिचे दुःख कळले नाही. जिला टेबल आहे, दिवा आहे, पुस्तके विकत घेता येतात, तिला रडायचे काय, असे मला खरोखर वाटले होते आणि मी तसे बोललेही. पैशाने तिला शाळा मिळाली, शिकवणी मिळाली, पण नागपूरच्या बाहेर जाणारी गाडी मिळाली नाही, ही गोष्ट समजायला मला स्वतःची मुलगी मोठी व्हावी लागली.

आता देशभराचे आकडे पाहिले तर मुली मागे आहेत, असे म्हणता येत नाही. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात १८ ते २३ वयोगटाचे एकूण नोंदणी प्रमाण मुलींचे २८.५ आणि मुलांचे २८.३ होते. १९५१ साली ज्या देशात शंभरातल्या नऊच बायकांना लिहिता-वाचता येत होते, त्या देशासाठी ही लहान गोष्ट नाही, आणि मी ती मनापासून मोठी मानते. पण अभियांत्रिकीच्या पदवीवर्गात दहांत जेमतेम तीन मुली असतात. कोणती मुलगी कुठपर्यंत पोचली आणि काय शिकायला पोचली, हे सरासरीत विरघळून जाते.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, मागास आणि इतर मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हा निर्णय चांगला आहे. आमच्या दोन माजी विद्यार्थिनी त्याच्या बळावर शिकत आहेत आणि त्यांचे उत्पन्नाचे दाखले काढायला मी स्वतः त्यांच्याबरोबर सेतू केंद्राच्या रांगेत उभी राहिले होते. पण अभियांत्रिकीसाठी ही माफी मिळायला मुलगी आधी बारावी विज्ञानापर्यंत यायला हवी, सीईटी द्यायला हवी, आणि नागपुरात ज्या मुलांशी तिची स्पर्धा आहे ती मुले नववीपासून लाखांत फी घेणाऱ्या शिकवण्यांना जात असतात. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंतचा. पंधराव्या वर्षी मुलगी त्या कायद्याच्या छत्राबाहेर येते, आणि नेमक्या त्याच वर्षी घराला तिच्या हातांची सगळ्यात जास्त किंमत वाटू लागते. फी माफ करता येते. त्या हातांचे तास माफ करण्याची तरतूद कुठल्या शासन निर्णयात नाही.

हे मला नीट कळले ते माझ्याच स्वयंपाकघरात. आमच्याकडे अकरा वर्षांपासून धुणीभांडी करायला येणाऱ्या बाई शाळेमागच्या वस्तीत राहतात. त्यांच्या मुलीला मीच पाचवीत आमच्या शाळेत घातले. हुशार मुलगी, अक्षर असे की फळ्यावरचा सुविचार मी तिलाच लिहायला सांगे. मागच्या वर्षी नववीत तिच्या हजेरीला गळती लागली. मी आधी वर्गशिक्षिकेला विचारले, मग तिला, आणि शेवटी एका सकाळी भांडी घासणाऱ्या तिच्या आईला. त्यांनी हात न थांबवता सांगितले, "मॅडम, पोरगी शाळेत गेली त बाबूले कोण पाहीन? मी सातले निघतो, पाच घरं करून एक वाजते मले."

बाबू म्हणजे दीड वर्षाचा मुलगा. वस्तीतली अंगणवाडी तीन वर्षांच्या आतल्या मुलाला सांभाळत नाही. शाळा अकराची. सातपासून एकपर्यंत मुलाजवळ कोणीतरी हवे, आणि घरात ते कोणीतरी एकच आहे. ज्या दिवशी शेजारची म्हातारी आपल्या लेकीकडे जाते, त्या दिवशी माझ्या शाळेतली एक हुशार मुलगी गैरहजर असते. मी आठवून पाहिले. माझी मुलगी बारावीला असताना सकाळी सहाच्या शिकवणीला जाई, मी साडेदहाला शाळेत निघत असे, आणि आमच्या घरात कोणालाही भांड्यांचा, धुण्याचा, फरशीचा विचार करावा लागत नसे. ती आज पुण्यात अभियंता आहे. तिच्या अभ्यासाचे तास तिने स्वतः कष्टाने वापरले, त्याबद्दल शंका नाही. पण ते तास मोकळे कसे झाले, याचा हिशेब मांडला तर तो या बाईंच्या दारात जाऊन थांबतो, आणि बाईंचे तास मोकळे करायला त्यांची मुलगी घरी बसते. एका घरातल्या मुलीचा अभ्यास दुसऱ्या घरातल्या मुलीच्या गैरहजेरीवर उभा असतो, आणि दोघींच्या मधे पगार घेऊन जाणारी-येणारी आई असते. मी त्या गैरहजेरीच्या कारणांत होते आणि मीच वर्गशिक्षिकेला विचारत होते की ही मुलगी का येत नाही.

गेल्या हिवाळ्यात ताईच्या आधार कार्डावरची जन्मतारीख दुरुस्त करायची म्हणून आम्ही दोघी कामठीच्या तिच्या जुन्या शाळेत गेलो. तिथल्या गुरुजींनी फार आस्थेने जुनी रजिस्टरे काढून दिली. वाळवीने कडा खाल्लेल्या त्या पानावर ताईचे नाव सापडले, जन्मतारीख सापडली, आणि त्याच ओळीत शेवटच्या रकान्यात तिरप्या, वळणदार अक्षरांत लिहिलेले दिसले : घरगुती कारण. तारीख ऑगस्ट १९७१ ची होती. मी तेव्हा दोन वर्षांची होते. ताईने चष्मा सारखा करून ते दोन शब्द स्वतः वाचले, बोट ठेवून, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "ते तूच होय वं."

तिच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. माय बिड्या वळायला बसली की मला ताई सांभाळी, आणि मी चालायला लागल्यावर सुपातला तंबाखू तोंडात घालीन म्हणून तिला दिवसभर माझ्यामागे राहावे लागे, हे तिने परतीच्या ऑटोत सांगितले. तिला गणित आवडायचे. बिड्यांचा हिशेब तीच ठेवी. ठेकेदाराने दर हजारी किती खराब काढल्या आणि किती पैसे कापले, हे ती तोंडी सांगे, आणि तो तिच्यासमोर फसवायला कचरत असे. मग ती मला विचारू लागली की शाळेत आता मुलींना काय-काय मिळते, आणि मी सांगत गेले : पुस्तके, गणवेश, खेड्यातल्या मुलींना एसटीचा मोफत पास, दुर्बल घटकांतल्या लहान मुलींना हजेरीचा दिवसाला एक रुपया. एक रुपया ऐकून ती थांबली. "दिवसाचा एक?" तिने विचारले, आणि हजार बिड्यांना तेव्हा काय मिळत होते ते आठवू लागली.

तेव्हापासून मी दाखल्याच्या त्या रकान्यावर सही करण्याआधी पालकांना बसवून विचारते आणि खरे कारण माझ्या एका वहीत लिहिते. दाखल्यावर ते लिहीत नाही, कारण उद्या त्याच मुलीला तो कागद कुठे दाखवावा लागेल, कोण जाणे. वहीत आत्तापर्यंत सतरा नोंदी आहेत. आई बाळंतीण. लहान भाऊ. आजी अंथरुणाला. टँकर शाळेच्या वेळेला येतो. मोठ्या बहिणीचे लग्न ठरले, घरी कोणी नाही. रस्त्यात मुले त्रास देतात, वडील म्हणाले बस झाले. सतरापैकी फी हे कारण एकाही मुलीचे नाही. मला वाटते, वस्तीत पाळणाघर असते, अंगणवाडी आमच्या शाळेच्या वेळेपर्यंत चालली असती, नळाला पाणी असते आणि त्या रस्त्यावर चार दिवे असते, तर यांतल्या निदान बारा जणी आज वर्गात असत्या. या गोष्टी शिक्षण खात्याच्या यादीत येत नाहीत. त्या महापालिकेच्या आहेत, महिला व बालविकासाच्या आहेत, वीज खात्याच्या आहेत. मी तिन्हीकडे अर्ज दिले आहेत. दिव्यांचे काम मंजूर झाल्याचे कळले आहे.

बाईंच्या मुलीचे आता दहावीचे वर्ष आहे. जूनमध्ये मी बाईंना सांगितले की आमच्याकडचे काम त्यांनी संध्याकाळी करावे, आणि त्यांच्याबरोबर उरलेल्या चार घरी जाऊन मी वेळ बदलण्याबद्दल बोलले. दोन घरांनी लगेच होकार दिला. तिसऱ्या घरी सुनेची नोकरी आहे, तिला सकाळीच भांडी हवीत. तिची अडचण मला समजली आणि मी पुढे बोलू शकले नाही. चौथ्या घरच्यांनी दुसरी बाई पाहायला सुरुवात केली आहे, ती कोणत्या वस्तीतली आहे आणि तिच्या घरी मुलगी आहे का, ते मला माहीत नाही. बाई आता साडेदहाला घरी पोचतात. जुलै महिन्यात शाळेचे पंचवीस दिवस भरले, त्यांत ती एकोणीस दिवस आली. उरलेल्या सहा दिवसांत दोन दिवस बाबूला ताप होता.

काल तिने फळ्यावर तारीख लिहिली आणि त्याखाली पटसंख्या. मुली सव्वीस होत्या, तिने हजर चोवीस लिहिले, आणि नसलेल्या दोघींपैकी एकीच्या घरी ती मधल्या सुट्टीत जाऊन आली.